हात लावल्याशिवाय सही नाही

विलासदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी घाटकोपरच्या ऑफिसात बसून मुलुंडच्या एका लिफ्टच्या तपासणीवर सही करत होतो. लिफ्ट न पाहता. दीड महिन्यानंतर हे लिहितानाही लाज वाटते, पण ते लपवून दादांबद्दल लिहिता येणार नाही...

लिफ्ट दुरुस्तीचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो. सुपरवायझर झाल्यावरही ते गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत स्वतः चढत, मोटरवर, ब्रेकवर उघडा तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहत. सही त्यानंतर. नव्या साहेबांनी ‘हँड्स-ऑन सुपरवायझर पाहिजे’ अशी जाहिरात दिली, तेव्हा दादांनी मला अर्थ विचारला. म्हटलं, “जो स्वतः हात घालून काम करतो, तो.”

त्यांनी लगेच विचारलं, “मग बाकीचे सुपरवायझर काय करतात रे?”

त्या बाकीच्यांत मी होतो. शेवटच्या भेटीत तर मीच त्यांना शहाणपण शिकवलं, “दादा, आता मोबाईलवर सगळं दिसतं ना. कशाला गुडघे झिजवता?” ते नुसते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर आठवड्याभराने त्याच मुलुंडच्या इमारतीतून सेक्रेटरीबाईंचा फोन आला. “लिफ्ट आपोआप चौथ्यावर थांबते, दार उघडतं, बाहेर कोणीच नसतं. कालपासून बंद ठेवलीय. सातव्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायचंय. चालू करू ना?”

मोबाईलवर एकही दोष दिसत नव्हता. ‘करा’ अगदी ओठांवर आलं होतं... पण म्हणवेना. गेलो.

मशीनरूममध्ये भर दुपारी गार वाटत होतं. मुख्य स्विच बंद, मोटर थंडगार. ब्रेकवर हात ठेवला आणि अंगावर काटा आला. तळहाताएवढी एकच जागा कोमट होती, माणसाच्या अंगाइतकी. तिथलंच झाकण उघडलं. आतलं लायनर, म्हणजे ब्रेकला पकड देणारी पट्टी, झिजून लोखंड लोखंडाला लागलं होतं. आजींना चौघांनी खुर्चीसकट जिन्याने उतरवलं.

दुसऱ्या दिवशी नवं लायनर मीच बसवलं. झाकण लावून पुन्हा हात ठेवला. ती जागा अजून कोमट होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कारणही मला सांगता येणार नाही. सहीचा कागद समोर होता, पण हात काढवेना. काढला की ती जागा गार पडेल, अशी भीती वाटत होती.