हळर्णच्या म्हातारीचं बोलणं

माझ्या कादंबरीतली माणसं कोकणीमिश्रित मराठी बोलतात, ते मी कुणाच्या तरी गोटात शिरण्यासाठी केलं, असं आजही म्हटलं जातं. ते एका बाईमुळे घडलं. तिचं नाव मला माहीत नाही, आणि इतकी वर्षं मी तिच्याविषयी बोललो नाही, हे मला टोचतं.

मी शाळेत शिकवायला जायचो त्या पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये ती रोज कादंबरी वाचत असे. संवाद आले की तिचे ओठ हलत. एखादं वाक्य तोंडात बसलं नाही, तर ती पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघे. गोव्यात मराठी की कोकणी हा वाद पेटलेले ते दिवस. मी धीर करून माझं हस्तलिखित तिला वाचायला दिलं. काही दिवसांनी बसमध्ये तिने त्यातल्या म्हातारीच्या पानावर बोट ठेवलं.

"मास्तर, ही म्हातारी पुण्याची काय हो?"

"हळर्णची, इथल्याच गावची."

"आणि पोदेराकडून पाव घेताना 'कृपया' म्हणते? आमची म्हातारी म्हणतली, 'हे उंडे कालचे रे, बदलून दी.'"

शेजारचे दोघे हसले. मला राग आला, पण घरी जाऊन मी सगळे संवाद नव्याने लिहिले. प्रकाशकाने ते शुद्ध करायला सांगितले. मी नकार दिला, म्हणून कादंबरी पुष्कळ वर्षं पेटीत पडून राहिली. शेवटी छापून आली तेव्हा मराठीवाले मला फितूर म्हणाले, कोकणीवाले अर्धवट.

आता नव्या आवृत्तीसाठी संपादक पुन्हा तेच सुचवतो आहे. मी त्याला कळवलं आहे, म्हातारी बोलते तशीच बोलेल. ज्याला कळत नसेल त्याने हळर्णला येऊन विचारावं.