भंगाराचा कंदील

मशीनच्या तेलाचा वास आला की मला नगरच्या संग्रहालयातलं ते दिव्यांचं प्रदर्शन आठवतं. मी तेव्हा सुप्याच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. पत्र्यातून चकत्या कापल्या की भोकाभोकांच्या पट्ट्या उरायच्या. त्या वाकवून, तारेनं बांधून मी एक कंदील केला होता आणि तो चक्क प्रदर्शनात निवडला गेला. सासूबाईंना घेऊन हौसेनं बघायला गेले, तर दालनभर काचेचे, कागदाचे, रंग बदलणारे दिवे आणि माझा कंदील कोपऱ्यात टांगलेला. कितीही धुतला तरी तेलाचा वास येत होता, आणि त्या झगमगाटात त्याचा बल्ब लागलाय की नाही तेही कळत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “आगं, हे तर निस्तं भंगार दिसतंय!” माझा चेहराच पडला. तेवढ्यात लाईट गेली. लोक चाचपडत दाराकडे निघाले. सासूबाईंनी मोबाईलची बॅटरी लावली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत मोबाईल कंदिलात ठेवून त्याला गिरकी दिली. भिंतींवर, छतावर, बाहेर निघालेल्यांच्या पाठींवर उजेडाचे गोल पळायला लागले. माणसं थबकली, मागे फिरली. “कुणी केलाय हा?” अंधारातून कुणीतरी विचारलं. “माझ्या सुनेनं!” सासूबाई बांधावरून हाक मारावी तशा ओरडल्या. थोड्या वेळानं लाईट आली, तर सगळं दालन एका आवाजात ओरडलं, “बंद करा, बंद करा!” आजही लाईट गेली की शेजारीपाजारी वैतागतात आणि आमच्या सासूबाई मोबाईल घेऊन ओट्यावरच्या कंदिलाकडे पळतात.