हातमोज्यावरचं कुंकू

जपानातल्याच सेंदाईहून एका बाईंचा मेसेज येऊन आज आठ दिवस झाले. तिथल्या विद्यापीठात संशोधन करतात, इथल्या मराठी ग्रुपवरून त्यांना माझा नंबर मिळाला. 'जपानी धनुर्विद्या शिकायला सुरुवात करतेय. तुम्ही पुण्यात ग्रंथपाल होतात असं कळलं. नवख्या माणसानं काय काय वाचावं, यादी द्याल का?' पूर्वी असा प्रश्न आला असता तर पुढ्यातलं ताट सारून मी यादी करायला बसले असते. आता रोज फोन हातात घेते, दोन ओळी लिहिते, खोडते आणि उगाच ओटा पुसायला जाते.

ओटा स्वच्छच असतो. माझ्याच्याने स्वस्थ बसवत नाही, एवढंच. चौदा वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. कोणी दारातून आत आलं की याला काय वाचायला द्यावं हे मला चेहऱ्यावरून कळायचं, निदान मला तसं वाटायचं. मग नवऱ्याच्या कंपनीनं त्याला पाच वर्षांसाठी टोकियोला पाठवलं, मी नोकरी सोडली आणि आम्ही निशी-कसाईत येऊन राहिलो. सकाळी तो तोझाई लाइन पकडतो, मुलगी सायकलवरून शाळेत जाते, आणि प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या असा कचरा खाली ठेवून आले की साडेआठलाच माझा दिवस संपतो. पहिलं वर्ष मी घरातल्या घरात इतकी चालले असेन की तेवढ्यात पुण्याला पोचले असते.

दुसऱ्या वर्षी वॉर्डाच्या पत्रकात धनुष्याच्या वर्गाची जाहिरात दिसली. शिकवणाऱ्या सेन्सेई ऐंशीच्या घरातल्या, माझ्या खांद्याएवढ्या, आणि त्यांच्या हातात माझ्यापेक्षाही दोन हात उंच धनुष्य. पहिल्याच दिवशी मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "सेन्सेई, आधी कोणतं पुस्तक वाचू?"

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. "आधी बघा."

आणि मला भिंतीशी गुडघे मुडपून बसवलं. तीन आठवडे! पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे. समोर लोक धनुष्य उचलायचे, ओढायचे, सोडायचे, मग सगळ्यांचे बाण झाले की कोणीतरी टाळी वाजवून इशारा करायचं आणि नवखे लोक धावत जाऊन वाळूतले बाण उपटून, टोकं फडक्यानं पुसून आणायचे. ते पुसायचं काम तेवढं मला मिळालं. चौदा वर्षं लोकांना पुस्तकं देणाऱ्या बाईला पुस्तक नको म्हणतात म्हणजे काय, असा माझा सात्त्विक संताप. घरी येऊन मी अकरा पुस्तकं मागवली.

तीन जपानी, चित्रांची. माझं जपानी पाकिटावरचं 'यात मासा आहे का' वाचण्यापुरतंच. बाकी इंग्रजी. एकात लाकडातून धनुष्य कसं कोरायचं ते, एकात घोड्यावरच्या तिरंदाजांचा इतिहास, एक नुसतं श्वासाबद्दल, आणि दोन चक्क शिकारीची. जपानात धनुष्यानं शिकार करायला बंदी आहे आणि मी तर सुपरमार्केटमध्ये माशांच्या बाजूनं मान वळवून जाणारी. पण खरं सांगते, त्यातलं एक मी सगळ्यात भराभर वाचलं. कुठल्याशा थंड मुलखातला तो शिकारी. लाकडी धनुष्य घेऊन दिवसच्या दिवस झाडावर बसायचा आणि बहुतेक वेळा एकही बाण न सोडता उतरून घरी यायचा. त्याचं ते बसणं मी मिटक्या मारत वाचायचे. मला पाच मिनिटं बसता येत नव्हतं ना, म्हणून.

चार महिने झाल्यावर सेन्सेईंनी एका रविवारी मला बाजूला बोलावलं आणि रुमालाची गाठ सोडली. आत उजव्या हाताचा हातमोजा होता. हरणाच्या कातड्याचा, मधासारख्या रंगाचा, अंगठ्याशी कडक आणि मनगटाला बांधायची लांब पट्टी असलेला. त्याच्या अंगठ्यात प्रत्यंचा अडकवून धनुष्य ओढायचं असतं. "हा आधी माझ्या सेन्सेईंचा होता, मग माझा झाला," त्या म्हणाल्या. "तुमचा स्वतःचा घेईपर्यंत वापरा. ओला करायचा नाही. तेलकट हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या हातात घालायला द्यायचा नाही."

हॉलमधल्या दोघीजणी नंतर मला हळूच म्हणाल्या, हा त्यांनी आजवर कोणालाच दिला नव्हता. मी तो छातीशी धरून घरी आणला. नोकरी सोडल्यापासून कोणी विश्वासानं माझ्या हातात काही ठेवलंच नव्हतं. तो हातमोजा सांभाळायचा आणि होता तसा परत करायचा, यापलीकडे त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

मग आला दसरा.

आमच्याकडे दसरा म्हणजे पाटावर सरस्वती. पुण्याहून आणलेली दगडी पाटी मी पुसून ठेवली आणि मुलीला म्हटलं, वर 'श्री' काढ. ती तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीत देते. बाराखडी शिकवायला मी तीनदा बसले आणि तिन्हीदा दोघींनी भांडून उठलो. मी तिचा हात धरून 'श्री' काढून घेतला, तशी ती पेन्सिल टाकून गेली. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, तिची रंगपेटी, माझी अकरा पुस्तकं, आणि सगळ्यांच्या वर तो हातमोजा. झेंडू मिळाला होता, आपट्याची पानं नव्हती. मी हळद-कुंकू वाहिलं. कोरडं कुंकू कातड्यावर ठरेना, म्हणून वाटीत चार थेंब पाणी घालून कालवलं आणि अंगठ्यावर ठसठशीत बोट लावलं. वर हात जोडून, डोळे मिटून.

"अगं," नवरा म्हणाला, "चामड्याला ओलं कसं काय लावलंस?"

डोळे उघडले तेव्हा कुंकू त्या मधाच्या रंगात मुरत होतं. पुसलं, तर ते पसरलं. ओल्या फडक्यानं पुसलं, तर बोटाएवढा ठिपका होता त्याचा जर्दाळूएवढा डाग झाला. नवरा म्हणाला, "आता हात नको लावूस, जाऊ दे, नेऊन दाखव त्यांना." पण ऐकेल ती मी कसली. पाटावरची पुस्तकं उठवली. दसऱ्याला वाचायचं नसतं, तरी वाचली. जपानी पुस्तकांतल्या चित्रांत कुठेच कुंकू नव्हतं. शेवटी माझ्या त्या लाडक्या शिकाऱ्याच्या पुस्तकात चामड्याचं प्रकरण सापडलं. कातडं भिजलं की कडक होतं, त्याला चरबी चोळून मऊ ठेवावं. चरबी आमच्या घरात कुठली? खोबरेल होतं. भारतीय दुकानातून आणलेलं, पुण्यातल्यासारखंच. मी ते प्रेमानं चोळलं, अगदी मुलीच्या केसांना लावावं तसं.

तो शिकारी ज्या चामड्याबद्दल सांगत होता ते वेगळं, हे वेगळं. इथे हातमोज्याच्या बोटांना राळेची पूड लावतात, पकड घट्ट बसावी म्हणून, आणि मी तिथे तेल जिरवलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळपर्यंत हातमोजा काळपट, गुळगुळीत झाला आणि त्याला मालिशवाल्याकडचा वास यायला लागला.

तर सेंदाईच्या बाई, यादीत ते शिकाऱ्याचं पुस्तक धरूच नका. बाकीची दहा कळवीन. ग्रंथपालाला यादी दिल्याशिवाय चैन पडत नाही, पण तुम्ही आधी तीन आठवडे भिंतीशी बसून या.

मी तीन रविवार वर्गाला गेले नाही. सर्दी झालीय असं कळवलं. हातमोजा कपाटात, आणि मी दिवसातून दहादा कपाट उघडून बघायचे, जणू डाग गेला असेल. भाजी जळायची. स्टेशनवर जाऊन गाडी न पकडता परत यायचे. पूर्वीच्या रिकाम्या फेऱ्या बऱ्या होत्या, आता प्रत्येक फेरीला सेन्सेईंचं तोंड दिसायचं. नवा घेऊन द्यावा असंही मनात आलं, पण नवा घेऊन काय, तो त्यांच्या सेन्सेईंचा थोडाच होणार.

चौथ्या आठवड्यात सेन्सेईंनी घरी फोन केला. फोन मुलीनं घेतला. मी हातवारे करून सांगत होते, झोपलीय म्हण. ती माझ्याकडे बघत शांतपणे जपानीत म्हणाली, "आई आजारी नाहीये. हातमोजा खराब झालाय म्हणून घाबरलीय." मला तिला तिथल्या तिथे धरून बदडावंसं वाटलं. पलीकडून काहीतरी आलं. मुलीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "रविवारी घेऊन या म्हणाल्या. मी येते बरोबर."

रविवारी हॉलमागच्या लहान खोलीत आम्ही तिघी बसलो. मी रुमाल सोडला. सेन्सेईंनी हातमोजा उचलला, उलटसुलट केला, नाकाशी नेला. पाठ केलेली माफीची वाक्यं माझ्या तोंडात आली आणि मलाच ती पोकळ वाटली. मी मराठीतच सुरू केलं. सगळं सांगितलं. जे वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याला आम्ही एक दिवस विसावा देतो, नमस्कार करतो, आईनं शिकवलं तसं मी केलं, अपमान करायचा नव्हता, उलट माझ्या घरात त्या दिवशी त्याच्यापेक्षा मोठं काही नव्हतं. बोलता बोलता रडू फुटलं. मुलीनं दोन वाक्यांत भाषांतर केलं.

"मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच?"

"तेवढंच होतं, आई."

सेन्सेई विचारत होत्या, "आणि तेल? तेही पूजेचं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," मी म्हटलं. "ते पुस्तकातलं."

बाहेर बाण वाळूत रुतल्याचे आवाज येत होते. त्या म्हणाल्या, "लाल डागाचं मला काही वाटत नाही. तेलाचा मात्र राग आलाय. लाल लावताना तुम्ही याच्याकडे बघत होतात. तेल लावताना पुस्तकाकडे." माझी मान खाली गेली.

"याचं काही होणार नाही आता," त्या म्हणाल्या. "प्रत्यंचा यातून निसटेल. कोणालाच वापरता येणार नाही." मी उठायच्या बेतात होते. मला वाटलं झालं, संपलं, हातमोजाही गेला आणि वर्गातली जागाही गेली. पण त्यांनी मला हातानं बसवलं आणि मनगटाची कड उलटी केली. आतल्या बाजूला शाईनं लिहिलेली दोन नावं होती, एक इतकं पुसट की नुसती सावली. वरचं त्यांच्या सेन्सेईंचं, खालचं त्यांचं. त्यांनी दप्तरातून बारीक ब्रशचं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही नवा घ्या आणि पुढच्या रविवारपासून या. हा घरी ठेवा. पुढच्या सणाला पाटावर ठेवायला लागेल. नाव तुमच्या लिपीत लिहा."

तेल लागलेल्या कातड्यावर शाई धरेना, एकेक अक्षर तीन-तीनदा गिरवावं लागलं. नवऱ्याचं नाव, आडनाव काही नाही, नुसतं माझं. सेन्सेईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग माझ्या मुलीपुढे धरलं. "वाचून दाखव. मला येत नाही."

मी सांगायला तोंड उघडलं आणि कशी कोण जाणे, गप्प बसले. मुलगी खाली वाकली. कातड्याला लागणार नाही असं बोट एकेका अक्षरावरून नेत, ओठांशी पुटपुटत, मध्येच थांबून वेलांटी तपासत, तिनं माझं नाव वाचलं. सेन्सेईंनी तिच्या मागोमाग ते म्हटलं, शेवटी एक जास्तीचा स्वर लावून. मुलीनं मान हलवली आणि त्यांच्याकडून पुन्हा नीट म्हणवून घेतलं. इथे आल्यापासून तिनं माझ्या मदतीशिवाय वाचलेलं ते पहिलं मराठी होतं.