पहिली सही वैजनाथची

माझा पुतण्या वैजनाथ रेणापूरचा. फुटबॉल खेळून पगार घेणारा आमच्या अख्ख्या तालुक्यात तो एकटाच. गोव्याच्या एका क्लबात बचावफळीत खेळायचा. आता लातुरात एका डाळमिलच्या काट्यावर बसतो, कारण उभं राहिलं की उजवा गुडघा दगा देतो.

त्याने जी चूक केली, ती आमच्याच घरातलं पोर करू जाणे. आमच्याकडे सालगडी ठरतो तो पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. वैजनाथ लहान असताना आमच्या सालगड्याचा, मलप्पाचा, पाय बैलाने मोडला. माझे थोरले भाऊ आप्पासाहेब, म्हणजे वैजनाथचे वडील, यांनी साल मोडलं नाही. मलप्पा खाटेवर आणि ज्वारी त्याच्या घरी पोचती. शब्द म्हणजे शब्द, असं आप्पासाहेब मिशीला ताव देत सांगायचे. पोराला वाटलं, सगळं जग असंच चालतं. क्लबवाल्यांना असल्या मिशा नसतात, हे त्याला कुणी सांगायचं?

क्लबात नव्या करारांची बोलणी चालू होती. कप्तान होता उदगीरचा राजशेखर. खेळताना दुखापत झाली तरी वर्षाचा पगार आणि ऑपरेशन क्लबकडे, हे लिहून दिल्याशिवाय कुणी सही करायची नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं. खेळाडू अडून बसले. मग मॅनेजरने वैजनाथला एकट्याला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू तर घरचा माणूस. वर्षभर तुला कोण वाऱ्यावर सोडतंय?" झालं! गड्याने सही ठोकली. वर राजशेखरलाच समजावलं, "वर्षाचा शब्द दिलाय की त्यांनी." एक फुटला म्हटल्यावर बाकीच्यांचं अवसान गळालं. एकेक करून सगळ्यांनी सह्या केल्या.

हंगाम अर्ध्यावर असताना वैजनाथच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. क्लबने करार संपवला. मॅनेजर फोन उचलेना. ऑपरेशन लांबत गेलं आणि झालं तेव्हा फार उशीर झाला होता. मला त्या मॅनेजरचा संताप येतो, त्याहून जास्त आमच्या येड्याचा येतो. पण त्याला जिना चढताना बघितलं की मी मागून त्याच्या कोपराला हात देतो.

परवा मी मिलमध्ये त्याच्यापाशी बसलो होतो, तेव्हा राजशेखरचा फोन आला. काट्यावर तुरीची पोती चढत होती, म्हणून वैजनाथने फोन स्पीकरवर टाकला.

"वैजा, जिंकलो रे! यंदा कुणीच फुटलं न्हाई. दुखापत झाली तरी पगार, ऑपरेशन, समदं लिहून दिलंय. तुझं नाव घेऊनच भांडलो आम्ही."

"लई चांगलं झालं, दादा." वैजनाथचा चेहरा खरंच फुलला होता. मग त्याने विचारलं, "मला लागू हाय का ते?"

"न्हाई रे. आता सही करणाऱ्यालाच."

वैजनाथने हमालाला पोतं उतरवायची खूण केली.

"मग मी येऊ का, दादा, सही करायला? ह्या वेळी सगळ्यांच्या शेवटी करतो."

पलीकडे राजशेखर रडायला लागला. वैजनाथने फोन तसाच चालू ठेवला आणि पुढच्या पोत्याचं वजन बघितलं.