जनाआत्याची चंची

२ मे २००५. मी ओटीवर बसून लग्नाच्या वड्यांचे तांदूळ निवडत होते. माझ्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नाला दोन आठवडे उरले होते. समोर जनाआत्या, माझ्या नवऱ्याची आत्या, एक गाणं घोळवत होती. ओळ चढली आणि तिच्या तोंडातच तुटली. तिनं पदर तोंडाला लावला, पानाची चंची उचलली आणि मोरीत गेली. परत आली ती हसत.

"तांदलाची धूल गो. निवड मुकाट!"

जनाआत्या आमच्या अंजूरची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून लेक निघेपर्यंत प्रत्येक विधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावते. धवला मध्येच तुटला की अपशकुन म्हणून बायका एकमेकींकडे बघतात. आणि आत्याला दमा होता! दमेकरी धवलारणीला कोण बोलावणार? म्हणून श्वासाचा पंप चंचीत, चुन्याच्या डबीखाली. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. दम्याचा डॉक्टर भिवंडीच्या एका टोकाला. गेल्या थंडीत बीपी निघालं तेव्हा तिनं डॉक्टरीण गाठली दुसऱ्या टोकाची, आणि तिला दम्याचं सांगितलंच नाही.

"एकानं छाती बघावी, एकीनं दंड. दोघांची गाठ कशाला घालाची?"

बीपीची गोळी सुरू झाली आणि तिचा खोकला वाढला, चंची घेऊन मोरीच्या फेऱ्याही. कोणी म्हणे गोदामांची धूळ, कोणी म्हणे नजर. आत्यानं निकाल लावला, "लगीन होईपरत सगल्या गोल्या बंद."

"आणि मांडवात चक्कर येऊन पडलीस तर?"

"पडन, पन गात पडन."

"मला गाणारी पाहिजे, पडणारी नको. ऊठ." तांदळाचं सूप तसंच ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दुसरा काही आजार?"

"काय न्हाय."

मी चंची उघडली आणि पंप टेबलावर ठेवला. सुपारीचं खांड चिकटलेलं होतं त्याला.

बाई ताठ बसल्या. "अहो, हे आधी नको का सांगायला! बीपीच्या काही गोळ्यांनी दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. त्यातलीच ही. तुम्हाला मी ही दिलीच नसती." मग सगळं नीट समजावलं. ही गोळी एकदम सोडायची नाही, सांगितल्याप्रमाणे कमी करायची. दुसरी सुरू करायची. त्या गोळीनं पाय सुजू शकतात. सुजले तर येऊन दाखवायचं, मनानं बंद करायचं नाही.

रिक्षात आत्या दुसरीकडे तोंड करून बसली. टेमघर मागे पडल्यावर म्हणाली, "माजी इज्जत टेबलावर ठेवलीस."

"इज्जत नाही, पंप ठेवला."

दोन दिवस ती माझ्यावर रुसून होती. पण गोळ्या घेत राहिली. आणि हळूहळू मोरीच्या फेऱ्या कमी होत गेल्या. हळदीच्या आदल्या दिवशी ती परसात एकटीच गात होती. मी हातातलं काम थांबवून ऐकलं. ओळ संपेना!

मग हळद काय आणि लग्न काय! आत्या अशी गायली की ढोलवाले हात आवरून उभे राहिले. ओळ वर चढवून ती तिथंच धरून ठेवायची, आता तुटते म्हणून बायका माना वळवायच्या, आणि ही सावकाश खाली उतरवायची. शिवाय माझ्याकडे बघून डोळा मारायची. मनीषा निघाली तेव्हा सगळ्यांचे गळे भरून आले, तिचा तेवढा मोकळा. रात्री पाहिलं तर आत्याचे पाय घारग्यांसारखे फुगलेले.

"उद्या दाखवायला जायचं," मी म्हटलं.

"जाव. पन पायानं कोन गातं गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आधी तयार. दवाखान्याच्या बाकावर खारबावची एक बाई सरकून जवळ आली. "कालच्या लग्नात धवला तुमीच गायलात ना? माज्याबी पोरीचं हाय."

आत्यानं चंची उघडली, पंप काढला आणि सगळ्या बाकाला दिसेल असा मांडीवर ठेवला.

"मना दमा हाय," ती म्हणाली. "चालंल तं तारीक सांग."