पहिला घोट

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दुकानाला पाटी नाही, एवढंच. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हे कुणी धरलंच नव्हतं. एचआयव्ही असलेली बाई किती पिते ते विचारा, थोडक्यात समजवा, कमी करायचं तिच्याच तोंडून वदवून घ्या, असं शिकवलं. वदवून घेण्यात मी पटाईत होते.

पुलगावकडून आमच्या दवाखान्यात एक विधवा यायची. नवरा याच आजारानं गेलेला, पदरी शाळकरी मुलगी. मोहाची दारू विकून घर चालवायची आणि गिऱ्हाइकांबरोबर स्वतःही झोकायची. गोळ्या चुकत, लिव्हर सुजलेलं. मुलीला दुसरं कुणी नव्हतं.

"पूर्ण सोडा," मी म्हटलं.

"कशी सोडू ताई? पह्यला घोट मले घ्याच लागते. इकनारीनं त्याच गिलासातून पेल्याबिगर गिऱ्हाईक हात नाई लावत. जहर असन त?"

मग वाट तिनंच काढली: तेवढा घोट घ्यायचा, बाकी काही नाही. आणि तिनं ते पाळलं. गोळ्या वेळेवर, चेहऱ्यावर तकाकी. मी बैठकीत तिचं उदाहरण देऊन मिरवले.

पण गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काऊन आता बसत नाई आमच्यासंग?" ती म्हणाली, दवाखान्यात मना केली. कोणता दवाखाना, कुणीतरी विचारलं. आमच्या रांगेत तिला पाहिलेलं कुणीतरी निघालंच. गावाला एवढं पुरतं.

उष्ट्या गिलासानं हा आजार होत नाही. पण हे गावात सांगायला मी गेले असते, तर तिच्या आजारावर शिक्का मीच मारला असता. तोंड मिटून बसले. फार संताप यायचा, आणि तो काढायला जागा नव्हती.

ती यायची थांबली म्हणून शेवटी पाहुणी म्हणून घरी गेले. भरदुपारी ओसरीवर कॅन भरलेला, तिच्यासमोर गिलास. डोळे तारवटलेले. मुलगी आत भाकरी थापत होती. शाळेची वेळ होती.

"गोळ्या?" मी विचारलं.

तिनं गिलास उचलून एक घोट घेतला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पह्यला घोट रोज घेतो ताई. दुसरा घ्याले कोनी येतच नाई."

मी गिलासाकडे बघत बसले. थोड्या वेळानं तिनं तो ओढून घेतला आणि उरलेलं पिऊन टाकलं.