लेहच्या कारभाऱ्याच्या मागावर, श्रूजबरीपर्यंत

१९९६ साली बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले बाबा तरुणपणी दोन हिवाळे लेहला होते. तिथला जुना किल्ला पाहिल्यापासून एकोणिसाव्या शतकातला एक डोग्रा अधिकारी त्यांच्या मनात बसला होता. तिबेटच्या मोहिमेत त्याची फौज बर्फात संपली. तो मूठभर माणसांनिशी परतला आणि पुढे लडाखचा कारभारी झाला. त्याचं चरित्र लिहायचं बाबांनी मनावर घेतलं होतं. त्याला भेटलेल्या एका प्रवाशाची डायरी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलेजच्या लायब्ररीत असल्याचं कळलं. काचबिंदूमुळे बाबांची नजर भराभर जात होती, म्हणून मी सुट्टी टाकली.

गुरुवारी सकाळी लवकर निघालो. तुम्हीही लवकरच निघा, नाहीतर हडसन नदीवरच्या टॅपन झी पुलावर तास मोडतो. पुढे चौऱ्याऐंशी नंबरच्या हायवेवर मेपल लालभडक झाले होते. माझी अकरा वर्षांची नेहा आजोबांना रंग सांगत होती. रेस्ट एरियात कॉफी घेतली आणि घरचे पराठे खाल्ले. मुक्काम कॉलेजजवळच्या श्रूजबरी गावात, माझ्या मैत्रिणीकडे. तिनं बाबांसाठी मऊ वरणभात केला होता.

शुक्रवारी लायब्ररीत गेलो. प्रवेश फुकट, पण आधी पत्र पाठवावं लागतं आणि आत फक्त पेन्सिल चालते. अक्षर बारीक, बाबांना एक ओळही दिसेना. मग नेहा वाचू लागली. घोडे, जकात, जर्दाळूच्या बागा. तासाभरानं हवा तो प्रसंग आला. प्रवाशानं तिबेटच्या मोहिमेबद्दल विचारलं, तेव्हा म्हातारा कारभारी बराच वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानं पाहुण्यासाठी जेवण मागवलं.

नेहानं पान उलटलं. "That's all, आजोबा."

बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पुरे आहे, बाळा."

परतीच्या वाटेवर नेहा मागे झोपली, तेव्हा ते बोलू लागले. लेहला गस्तीवर असताना त्यांचा जोडीदार दामोदर बर्फात जायबंदी झाला होता. बाबा रात्रभर त्याला मिठीत धरून बसले. पहाटे तो गेला. बाबांना पुढे बढती मिळाली. दामोदरच्या बायकोला भेटायचं धैर्य मात्र त्यांना कधीच झालं नाही. ती भंडाऱ्याला असते, एवढंच माहीत होतं.

"तोही गप्पच राहिला गं," बाबा म्हणाले. "एवढा मोठा कारभारी होऊनही."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा. मी लिहिते."

घरी आल्यावर बॅगाही न उघडता आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. त्या कारभाऱ्याचं चरित्र बाबांच्या हातून पुढे कधी पूर्ण झालं नाही, आणि त्यांना त्याची खंतही वाटली नाही. त्या ट्रिपचं माझ्यापाशी काय उरलं असं कुणी विचारलं, तर मला बाबांनी सांगितलेलं आणि मी लिहून घेतलेलं पहिलं वाक्य आठवतं: "वहिनी, दामोदर शेवटी एकटा नव्हता."